न संपणारी सुट्टी : बालसाहित्यातील आजोळ आणि तलाक

मराठी बालसाहित्यात मामाच्या घराइतके लाडके ठिकाण दुसरे नाही. गदिमांच्या आगगाडीच्या गाण्यापासून चांदोबाच्या बडबडगीतापर्यंत मामाचे घर म्हणजे सुट्टी, खाऊ आणि कौतुक. उर्दूतही तेच आहे. चंदामामा आकाशात आहेच. शिवाय ननिहाल हा शब्द उच्चारला, की आंब्याची झाडे, नानीच्या गोष्टी आणि मामूच्या खांद्यावरची सैर मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. उर्दू माध्यमाच्या वर्गात उन्हाळ्याच्या सुट्टीवर निबंध लिहायला दिला, तर वहीमागून वहीत ननिहालच येते. या साऱ्या लेखनात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. सुट्टी संपते. गाडी मुलाला घेऊन जाते आणि जूनमध्ये परत आणून सोडते.

ज्या मुलाला गाडीने परत आणलेच नाही, त्याचे काय? आईला तलाक झाला, किंवा तिने खुला घेतला, आणि ती मुलांना घेऊन आपल्या वडिलांच्या घरी आली, की तेच आजोळ त्या मुलाचे कायमचे घर होते. मामू तेच असतात, मुमानी त्याच असतात, अंगणही तेच असते. पण काल जो पाहुणा होता, तो आज घरच्या खर्चात मोजला जाऊ लागतो. अर्ध्या वर्षात शाळा सोडल्याचा दाखला काढावा लागतो. नव्या वर्गात बाकावरचा पहिला सोबती पहिलाच प्रश्न विचारतो, 'तेरे अब्बा क्या करते?' हे मूल आमच्या बालसाहित्यात कोठे आहे, या एकाच प्रश्नासाठी आम्ही उर्दू, हिंदी, मराठी आणि काही परभाषांतली पुस्तके पुन्हा वाचली. त्या वाचनात जे दिसले, ते येथे मांडत आहोत.

सुरुवात डिप्टी नझीर अहमद यांच्यापासून करावी लागते. मुलींच्या हाती देता येईल असे पुस्तक नाही, म्हणून त्यांनी आपल्या मुलींसाठी 'मिरातुल उरूस' लिहिले. ते 1869 साली प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक पिढ्यांतल्या मुलींच्या हाती गेले. त्यात अकबरी आणि असगरी या दोन बहिणी आहेत. अकबरी लाडावलेली आणि फटकळ. ती सासरी भांडते आणि रुसून आईकडे निघून जाते. असगरी समजूतदार. ती सासरचा विस्कटलेला संसार सावरते, नोकरांची चोरी पकडते आणि मोहल्ल्यातल्या मुलींना घरीच शिकवते. असगरीच्या हातून मुलींची शाळा चालवून घेणाऱ्या या लेखकाचे ऋण आम्ही शिक्षक मंडळींनी विसरू नये. पुढे 'अयामा' या पुस्तकात त्यांनी विधवेचे दुःखही मनापासून मांडले. परंतु 'मिरातुल उरूस'ने एक हिशेब पक्का केला. सासरी टिकते ती शहाणी आणि माहेरी परतते ती अकबरी. आजही एखादी मुलगी सामान घेऊन वडिलांच्या दारात उभी राहिली, की शेजारपाजार पहिल्यांदा तिच्या स्वभावाची चौकशी करतो. ती चौकशी दाराआडून तिचे मूलही ऐकत असते. आपली आई टिकली नाही, एवढे त्याला समजते. का टिकली नाही, हे सांगणारे पुस्तक त्याच्याजवळ नसते.

त्यानंतर येते ते यतीम मूल. त्याला मात्र आमच्या साहित्याने मोठ्या मायेने सांभाळले आहे. हजरत मुहम्मद पैगंबर स्वतः यतीम होते. आधी आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. यतीमाच्या डोक्यावर हात फिरवणे हे आमच्याकडे पुण्याचे काम, सवाब. साहित्यातही तोच हात दिसतो. मराठीत ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अनाथ आहे. उर्दू-हिंदीत प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हमीद तर प्रत्येक शाळेत पोहोचला आहे. जत्रेत खेळणी न घेता आजीसाठी चिमटा घेणारा हमीद शिकवताना आम्ही सर्व शिक्षक त्याच्या त्यागावर थांबतो. आम्हाला येथे कथेतली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हमीदचे आईबाप वारले आहेत, पण अमीना दादीने त्याला तसे सांगितलेले नाही. अब्बा पैसे कमवायला गेले आहेत आणि अम्मी अल्लाहमियाँच्या घरून चांगल्या चांगल्या वस्तू आणायला गेली आहे, अशी त्याची समजूत आहे. त्या आशेवर तो आनंदात आहे.

तलाक झालेल्या घरातही हेच खोटे सांगितले जाते. कोकणातल्या गावांतून कितीतरी घरांतले बाप खरोखरच आखातात नोकरीला असतात. त्यामुळे 'अब्बा दुबईला गेलेत' हे उत्तर वर्षानुवर्षे चालून जाते. पण अमीनाचे खोटे आणि हे खोटे यांत फरक आहे. हमीदला एक दिवस खरे कळेल तेव्हा तो रडेल आणि दादीला बिलगेल. दुसऱ्या मुलाला मात्र एक दिवस त्याचा बाप जुम्म्याच्या नमाजीनंतर बाजारात दिसतो, कडेवर दुसरे मूल घेऊन. त्या क्षणी त्याचा बापावरचा विश्वास जातोच. खोटे सांगणाऱ्या आईवरचा आणि नानीवरचाही जातो. यतीमाच्या गोष्टीतली माया या मुलाला पुरत नाही, कारण त्याचे दुःख मेलेल्या माणसाचे नाही. बाप जिवंत आहे, दोन एसटी स्टँडांच्या अंतरावर आहे, आणि येत नाही. 'खिलौना', 'पयामे तालीम', 'गुल बूटे' अशा मासिकांनी उर्दू मुलांना वाचायची गोडी लावली. परी, शहजादा, चतुर कोल्हा, सच्चा बालक हे सगळे त्या पानांत भेटले आणि यतीम तर फार वेळा भेटला. बाप हयात असलेल्या या मुलाला त्या गर्दीत चेहरा मिळाला नाही.

तलाक या विषयावर मुलांसाठी लिहावे की नाही, हा प्रश्न युरोपातही होताच. जर्मन लेखक एरिख केस्टनर यांनी 1949 साली 'दास डोपेल्टे लोटशेन' ही छोटी कादंबरी लिहिली. 1933 मध्ये नाझींनी ज्यांची पुस्तके जाळली, त्यांपैकी हे एक लेखक. लुईझे आणि लोटे या जुळ्या बहिणी. आईबाप वेगळे झाले तेव्हा एक बापाकडे व्हिएन्नाला गेली, दुसरी आईकडे म्युनिकला राहिली. आपल्याला बहीण आहे हे दोघींनाही ठाऊक नाही. सुट्टीच्या शिबिरात त्या समोरासमोर येतात, सत्य ओळखतात, एकमेकींच्या जागी घरी जातात आणि अखेर आईबापांना पुन्हा एकत्र आणतात. गोष्टीच्या मध्येच केस्टनर थांबतात आणि मोठ्यांशी बोलतात. मुलांना असे विषय सांगू नयेत म्हणणाऱ्यांना ते शर्ली टेंपल या बालनटीची गोष्ट सांगतात : ज्या चित्रपटात तिने स्वतः काम केले, तो पाहायला ती लहान ठरली! आईबाप वेगळे झाल्यामुळे दुःख भोगणारी मुले पुष्कळ आहेत, आणि ते वेगळे न झाल्यामुळे दुःख भोगणारीही पुष्कळ आहेत. जे मुले भोगतात त्याबद्दल त्यांच्याशी बोलू नये हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल आहे. युद्धानंतरच्या जर्मनीत हे लिहिणे धाडसाचे होते.

एवढे लिहूनही शेवट मात्र त्यांनी आईबापांच्या पुनर्विवाहानेच केला. जगाने या पुस्तकातून उचलला तो हा शेवट. हॉलिवूडने 1961 मध्ये त्यावर चित्रपट काढला, 1965 मध्ये तो तमिळमध्ये आला, आणि 1968 मध्ये हिंदीत 'दो कलियाँ' झाला. बेबी सोनिया, म्हणजे पुढची नीतू सिंग, त्यात गंगा आणि जमुना या दोघी झाली होती. आमच्या आईच्या पिढीने हा चित्रपट डोळे पुसत पाहिला. परंतु जर्मनीहून आपल्याकडे येईपर्यंत गोष्टीत एक मोठा बदल झाला, आणि तो आमच्या विषयाच्या मुळाशी जातो. केस्टनरच्या पुस्तकात आईबाप आपापल्या स्वभावांमुळे आणि बापाच्या संगीतवेडामुळे दूर होतात. हिंदीत दोष जातो तो मुलीच्या आईवर. श्रीमंत, गर्विष्ठ नानी जावयाला घरात टिकू देत नाही. तिचा अहंकार उतरला, की घर जुळते. म्हणजे जे आजोळ आईला आणि मुलाला आसरा देते, तेच घर मोडणारे म्हणून पडद्यावर दाखवले गेले. नझीर अहमदांच्या अकबरीचे बिऱ्हाड येथपर्यंत पोहोचले होते.

पुन्हा एकत्र येण्याच्या शेवटाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. तो शेवट गोड आहे, म्हणून आमची तक्रार नाही. मुलाला गोड शेवट हवाच असतो. अडचण अशी, की त्या शेवटात आईबापांना जुळवण्याचे काम मुलावर सोपवलेले असते. गंगा-जमुनांनी युक्ती केली, नाटक केले, आणि घर सावरले. मग जे मूल हे पाहून घरी जाते आणि ज्याच्या युक्तीने काहीच जुळत नाही, ते काय समजेल? आपणच कमी पडलो असे ते समजते. परीक्षेत पहिला नंबर आला तर अब्बा येतील, रोजे पूर्ण धरले तर अब्बा येतील, अशा अटी मूल स्वतःशीच घालून घेते. वर्गात एखादे मूल अचानक फार शहाण्यासारखे वागू लागते, तेव्हा आम्ही शिक्षक खूश होतो. कधी कधी त्या शहाणपणामागे अशी एखादी अट असते.

हिंदीत या मुलाच्या जवळ सर्वांत अधिक गेल्या त्या मन्नू भंडारी. त्यांची 'आपका बंटी' ही कादंबरी 'धर्मयुग'मधून क्रमशः आली आणि 1971 साली पुस्तकरूपाने निघाली. बंटीची आई शकुन कॉलेजची प्राचार्य आहे, बाप अजय कलकत्त्याला असतो. बंगल्यातली बाग, गोष्टी सांगणारी फूफी आणि मम्मी एवढेच बंटीचे जग. वकील चाचा कागद घेऊन येतात, सही होते, आणि बंटीला पत्ता लागू न देता त्याचे जग बदलते. आई डॉक्टर जोशींशी लग्न करते. बंटी त्या घरात रुजत नाही, बापाकडे जातो, तेथेही रुजत नाही, आणि वसतिगृहाच्या वाटेला लागतो. भंडारी कोणालाही खलनायक करत नाहीत. शकुनला स्वतःचे आयुष्य हवे आहे, आणि त्यात गैर काही नाही, हे त्या ठामपणे दाखवतात. तरीही त्याची किंमत बंटी मोजतो, हेही लपवत नाहीत. येथे खोटे नाही आणि गोड शेवटही नाही. पण ही कादंबरी मोठ्यांसाठी आहे. तिच्या नावातच ते स्पष्ट आहे : हा बंटी तुमचा आहे, असे ती आईबापांना बजावते. खुद्द बंटीच्या हाती हे पुस्तक दिले, तर पुढे कसे जगायचे याची वाट त्याला त्यात सापडणार नाही. आमच्या भाषांत हे मूल आले ते मोठ्यांना जागे करण्यासाठी आले. त्याच्याशी बोलणारा लेखक अजून यायचा होता.

मुलाशीच बोलणारी पुस्तके इंग्रजीत त्याच सुमारास येऊ लागली होती. ज्यूडी ब्लूम यांची 'इट्स नॉट दि एंड ऑफ द वर्ल्ड' 1972 ची. बारा वर्षांची कॅरन रोजच्या दिवसाला शाळेसारखी श्रेणी देते. आईबाप वेगळे होणार असे कळल्यावर तीही लोटे-लुईझेसारखीच त्यांना जुळवायच्या योजना आखते. दोघे एका खोलीत आले की सगळे ठीक होईल, अशी तिची खात्री असते. तिचा भाऊ घर सोडून जातो तेव्हा आईबाप खरोखरच एका खोलीत येतात, आणि तिच्यासमोरच कडाडून भांडतात. काही माणसे एकत्र न राहिलेलीच बरी, हे तिला त्या दिवशी कळते. केस्टनरने अर्ध्यावर सोडलेली वाट ब्लूमने पुरी केली, असे आम्हाला वाटते. मुलाच्या खांद्यावरचे ओझे येथे पहिल्यांदा उतरते.

बेव्हर्ली क्लिअरी यांच्या 'डिअर मिस्टर हेनशॉ' (1983) या पुस्तकाला पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक मिळाले. यातला ली बॉट्स आपल्या आवडत्या लेखकाला पत्रे लिहितो. बाप ट्रकचालक आहे. तो फोन करीन म्हणतो आणि करत नाही. आई नोकरी करून परिचारिकेचा अभ्यास करते, आणि दोघे पेट्रोल पंपाशेजारच्या इवल्याशा घरात राहतात. डब्यातला खाऊ चोरीला जातो, म्हणून ली डब्याला घंटा बसवतो. एकदा बापाशी फोनवर बोलताना मागून दुसऱ्या एका मुलाचा आवाज येतो. पिझ्झा खायला कधी जायचे, असे तो विचारत असतो. एवढ्या एका वाक्यात ली सारे समजतो. बाजारात बापाला पाहणाऱ्या मुलाविषयी आम्ही वर लिहिले, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती. शेवटी बाप येतो, आईला परत येण्याविषयी विचारतो, आणि आई नाही म्हणते. लीने फार आठवण काढलेला कुत्रा बापाने आणलेला असतो. ली तो बापालाच परत देतो, एकट्या प्रवासात सोबत असावी म्हणून. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने बापाची कीव करावी आणि त्याच्यावर प्रेमही करावे, त्याची वाट पाहणे मात्र सोडावे, हा शेवट आम्हाला 'दो कलियाँ'च्या शेवटाहून गोड वाटला.

इंग्लंडच्या जॅकलिन विल्सन यांचे 'द सूटकेस किड' (1992) हे तिसरे. अँडी नावाची मुलगी एक आठवडा आईच्या नव्या घरी आणि एक आठवडा बापाच्या नव्या घरी राहते. दोन्हीकडे सावत्र भावंडे आहेत, पण तिची स्वतःची खोली कोठेच नाही. खिशात मावणारा एक खेळण्यातला ससा तिचा सखा आहे. समुपदेशक बाई तिला विचारतात, तुला कोणाकडे राहायचे आहे? ती आपल्या जुन्या घराचे नाव घेते. तुतीच्या झाडाचे ते घर, जेथे तिघे राहत होते. मोठे जो प्रश्न विचारतात त्याच्या उत्तरात मुलाला हवी असलेली जागाच नसते, हे विल्सन फार साधेपणाने दाखवतात. पुस्तक इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लिहिले आहे. मोडलेल्या जगाला मूल बाराखडीच्या क्रमात बसवू पाहते, असे शिक्षक म्हणून आम्हाला वाटून गेले.

या तिन्ही पुस्तकांची मराठी-उर्दू भाषांतरे झाली की काम संपले, असे मात्र नाही. या पुस्तकांत आजोळ जवळजवळ नाहीच. तेथे तलाकनंतर आई भाड्याच्या छोट्या घरात जाते, किंवा दुसरे लग्न करून नव्या घरात. आमच्याकडची आई वडिलांच्या घरी येते. त्या घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका, त्यांची मुले आधीच राहत असतात. तेथले कंगोरे वेगळे आहेत, आणि ते टिपायला आमच्यातलाच लेखक लागेल. ईदला एकाच थानातून सगळ्या मुलांचे कपडे शिवतात, तेव्हा या मुलाच्या वाट्याला मामूच्या मुलाचा मागच्या वर्षीचा शर्ट येतो का? दस्तरखानावर मटणाची वाटी फिरते, तेव्हा ते मूल दुसऱ्यांदा हात पुढे करते का? रेशन कार्डावर नाव चढवायचा विषय निघाला, की मुमानी गप्प का होतात? मुमानींना कैदाशीण करून ही गोष्ट लिहू नये. गाण्यातली सुगरण मामी दोन आठवड्यांची यजमान असते. वर्षभर चार तोंडे अधिक पोसणारी मुमानी स्वतःही परक्या घरातून आलेली आणि दमलेली असते. तिची बाजू समजून घेणारी गोष्ट मुलालाही समजूतदार करील.

आणखी काही गोष्टी बालकथेत यायला हव्यात. मूल फक्त बाप गमावत नाही. दादी, चाचा, चुलतभावंडे, तो मोहल्ला, तो मकतब, पतंगाची ती गच्ची, असे सारे ददिहाल एका दिवसात हातचे जाते, आणि त्याविषयी कोणी त्याला विचारत नाही. आईच्या इद्दतीचे तीन महिने घरात दबकी कुजबूज असते. मग ती शिलाई मशीन घेते, अंगणवाडीत लागते, किंवा डी.एड.चा अर्ज भरते. त्यानंतर तिच्या दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू होतात, आणि मुलांना नानीकडेच ठेवायचे, असे बैठकीच्या खोलीत ठरते. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, हे मोठे लोक आपसात बोलतात. सहा वर्षांचा मुलगा ते ऐकतो. सातव्या वाढदिवसाची भीती वाटणाऱ्या मुलाची गोष्ट कोणी लिहिली, तर ती जगातल्या कोणत्याही पुस्तकाच्या शेजारी ठेवता येईल.

आमच्या लेखकांनी ही गोष्ट का लिहिली नाही, याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. ते केवळ उदासीनतेचे नाही. तलाक हा शब्द आमच्याबाबतीत शब्द राहिलेलाच नाही, तो आरोप झाला आहे. हमीद दलवाई यांनी 1966 साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, आणि 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. 1985 चा शाहबानो निकाल आला, 1986 चा कायदा आला, 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, आणि 2019 मध्ये तो गुन्हा ठरवणारा कायदा झाला. या पन्नासहून अधिक वर्षांत नवरा, बायको, मौलवी, वकील, पुढारी, संपादक सगळे बोलले. 2019 च्या कायद्यात अज्ञान मुलांच्या ताब्याचे आणि निर्वाह भत्त्याचे कलम आहे. म्हणजे कागदावर मूल आले, पण 'अवलंबून असलेले' म्हणून आले. त्याला काय वाटते, हे विचारायला कोणाला सवड झाली नाही. अशा वातावरणात मुस्लिम लेखकाने तलाकवर बालकथा लिहिली, तर बाहेरचे तिला पुरावा म्हणून फिरवतील आणि आतले बदनामी म्हणून झिडकारतील. दोन्ही भीती खऱ्या आहेत.

परंतु या भीतीपोटी आपण आपल्याच मुलाला एकटे सोडतो. वर उल्लेखलेल्या पुस्तकांतली लोटे ख्रिस्ती समाजातली आहे, बंटी हिंदू घरातला आहे, कॅरन, ली, अँडी दूरदेशीच्या आहेत. आईबापांचे वेगळे होणे कोणा एका समाजाची मक्तेदारी नाही. त्या त्या समाजांनी आपल्या मुलांसाठी पुस्तक लिहिले. आम्ही आमच्यासाठी लेख लिहिले, ठराव केले, परिसंवाद घेतले. मराठी पाठ्यपुस्तकात मुस्लिम मूल बहुधा ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन येते. त्याचे वर्षाचे उरलेले दिवस आम्हीच लिहायला हवेत, आणि त्या दिवसांत काही दिवस दुःखाचे असणारच.

दीन याच्या आड येतो, असे कोणी म्हणेल तर त्याने हदीसकडे पाहावे. अबू दाऊदच्या संग्रहात एका वादाची नोंद आहे. एक आई पैगंबरांकडे आली. नवरा मुलाला नेऊ पाहतो आणि हा मुलगा तर मला विहिरीचे पाणी आणून देतो, असे तिने सांगितले. बापानेही आपला हक्क सांगितला. तेव्हा पैगंबरांनी मुलालाच पुढे बोलावले; हा तुझा बाप, ही तुझी आई, तुला वाटेल त्याचा हात धर, असे सांगितले. मुलाने आईचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली. या रिवायतीवरून शाफई आणि हनफी आलिमांनी वेगवेगळे नियम काढले आहेत, त्या चर्चेत शिरण्याचे हे ठिकाण नाही. आम्हाला एवढेच दिसते, की दोन मोठी माणसे भांडत असताना तिसऱ्या लहान माणसाचे मत विचारले गेले. शिवाय कुरआनच्या सूरह बकरामध्ये मुलापायी आईलाही त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, अशी ताकीद आहे. ज्या परंपरेत मुलाला मधोमध उभे करून विचारले गेले, त्या परंपरेतल्या लेखकांनी त्या मुलाला पुस्तकात उभे करायला कचरू नये.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आपल्या लेखकांनी कविता, आत्मकथन, कथा यांतून मोठा पल्ला गाठला आहे. बालसाहित्याचे दालन त्या मानाने रिकामे आहे. तेथे पहिल्याच पुस्तकात सगळे प्रश्न सुटावेत, अशी अपेक्षा नाही. आईला अकबरी न ठरवणारी, नानीला खलनायिका न करणारी, बाप मेला किंवा दुबईला गेला असे खोटे न सांगणारी आणि घर जोडण्याची जबाबदारी मुलावर न टाकणारी एक साठ-सत्तर पानांची गोष्ट पुरे आहे. ती मराठीत यावी, उर्दूतही यावी. तिच्यात मूल सुट्टीत मामूकडे जावे, जून यावा, पाऊस पडावा, गाडी निघून जावी, आणि मामूच्या गावच्या शाळेत नव्या वह्यांना कव्हर घालत गोष्ट पुढे चालू राहावी.